खऱ्या १५ गाड्या विकल्या साडेपाच हजार डॉलरला, पण खोक्यातल्या प्लॅस्टिकनं एड रॉथला घराघरांत नेलं

हॉट व्हील्सचा नाद असणाऱ्यांना स्वीट सिक्स्टीन म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. १९६८ मध्ये मॅटेल कंपनीनं हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ गाड्या बाजारात आणल्या, त्या या गाड्या. त्यात कॅमारो होती, मस्टँग होती, कॉर्व्हेट होती. म्हणजे तेव्हा अमेरिकेतल्या रस्त्यावर जे दिसायचं तेच छोटं करून विकायला ठेवलेलं. पण त्याच १६ मध्ये एक भलतीच गाडी होती. छत नाही, त्या जागी पारदर्शक घुमट. पुढून-मागून इतकी विचित्र की खेळणी बनवणाऱ्या कुणाच्या तरी डोक्यातून निघाली असणार असंच वाटावं. नाव, बीटनिक बँडिट.

तर ही गाडी खरी होती. खऱ्या इंजिनावर चालणारी, माणूस आत बसेल अशी. आणि हॉट व्हील्सनं ती छोटी करण्याच्या बरीच वर्षं आधी अमेरिकेतल्या पोरांनी ती स्वतःच्या हातानं जोडली होती, प्लॅस्टिकच्या किटमधून.

ती गाडी बनवणाऱ्या गड्याचं नाव एड रॉथ. लोक त्याला बिग डॅडी म्हणायचे. आज इन्स्टाग्रामवर लोक दोनशे रुपयांच्या गाडीचा खालचा रिव्हेट ड्रिल मारून काढतात, जुना रंग उतरवतात, चाकं बदलतात, नवा रंग मारून रील टाकतात. या सगळ्या कस्टम प्रकाराच्या मुळाशी जी मोजकी माणसं आहेत, त्यात हा एक.

एडचा जन्म ४ मार्च १९३२ चा. जन्मगाव बेव्हर्ली हिल्स, पण नावावर जाऊ नका. घर जर्मनीहून आलेल्या साध्या कुटुंबाचं होतं आणि तो वाढला लॉस एंजेलिसजवळच्या बेल नावाच्या कामगारवस्तीत. शाळेत त्याचा जीव दोनच विषयांत रमायचा, चित्रकला आणि ऑटो शॉप. ऑटो शॉप म्हणजे अमेरिकन शाळांत गाडी खोलायला-जोडायला शिकवायचा तास. चौदाव्या वर्षी त्यानं १९३३ ची एक जुनी फोर्ड घेतली. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड भंगाराच्या भावात मिळायच्या आणि पोरं त्या कापून, खाली बसवून, मोठं इंजिन टाकून पळवायची. हॉट रॉड म्हणतात ते हेच.

पुढं इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण तिथं गाड्या कमी आणि भौतिकशास्त्र जास्त. कंटाळून सोडलं. १९५१ मध्ये हवाई दलात भरती झाला, तिथं नकाशे काढायचं प्रशिक्षण घेतलं, काही काळ आफ्रिकेत होता. १९५५ मध्ये बाहेर पडला तेव्हा लग्न झालेलं, आणि बघता बघता पदरात पाच मुलगे. दिवसा सिअर्स या मोठ्या दुकानात नोकरी, रात्री घरी पिनस्ट्रायपिंग.

पिनस्ट्रायपिंग म्हणजे गाडीच्या पत्र्यावर लांब केसांच्या बारीक ब्रशनं, हात न थरथरता ओढलेल्या रेघा आणि नक्षी. आपल्याकडे ट्रकच्या मागं आणि रिक्षावर रंगकाम करणारे पेंटर असतात, त्या जातीची ही कला. १९५८ मध्ये त्यानं बॅरन नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका मुरलेल्या पेंटरबरोबर आणि त्या पेंटरच्या नातवाबरोबर दुकान सुरू केलं. त्याच सुमारास गाड्यांच्या प्रदर्शनांत जाऊन तो टी-शर्टवर एअरब्रशनं राक्षस काढून विकायला लागला. डोळे बाहेर आलेला, जीभ लोंबणारा, एका हातात गिअरचा दांडा धरलेला राक्षस. आईबापांना किळस यायची आणि नेमकं म्हणूनच पोरं रांगा लावायची.

आता मुख्य मॅटर. शर्ट विकायचे तर स्टॉलवर गर्दी पाहिजे, गर्दी पाहिजे तर स्टॉलवर गाडी पाहिजे. आणि गाडी अशी पाहिजे की बाकीच्या गाड्यांकडं कुणी बघायलाच नको.

त्या काळचे कस्टम बिल्डर, म्हणजे जॉर्ज बॅरिससारखे लोक, कंपनीची गाडी घ्यायचे आणि तिचा पत्रा कापून, वेल्डिंग करून, शिसं वितळवून भरून तिला नवा आकार द्यायचे. हे काम कौशल्याचं आणि महागडं. रॉथनं हा रस्ताच सोडला. त्यानं फायबरग्लास धरलं. फायबरग्लास तेव्हा नवीन नव्हतं, १९५३ मध्ये शेव्हरलेनं अख्खी कॉर्व्हेट त्यात बनवली होती. पण गॅरेजमध्ये एकट्या माणसानं त्यातून मनातली गाडी काढावी, हे फार कुणी करत नव्हतं. रॉथ आधी प्लॅस्टरमध्ये आकार घडवायचा. आवडला नाही तर खरवडायचा, परत थापायचा. मग त्या आकारावरून काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन वापरून कवच काढायचं, वाळलं की सुटं करायचं, आणि मग दिवसेंदिवस घासत बसायचं. त्या धुळीनं अंगाला भयानक खाज सुटते, फायबरच्या बोटी किंवा टाक्या दुरुस्त करणारा कुणी ओळखीचा असेल तर विचारा.

यातून १९५९ मध्ये आउटलॉ तयार झाली. जुन्या फोर्ड रोडस्टरची आठवण करून देणारी, पण कुठल्याच कंपनीच्या गाडीचं अंग नसलेली. उघडं कॅडिलॅकचं इंजिन, सगळीकडं क्रोम. १९६१ मध्ये आली बीटनिक बँडिट. तिची कल्पना एका गाड्यांच्या मासिकात आलेल्या रेखाटनातून पुढं गेलेली. जुन्या ओल्ड्समोबिलची चेसिस कापून आखूड केली, तिच्यावर फायबरचं अंग बसवलं, ॲक्रिलिकचा पत्रा तापवून हवेनं फुगवून घुमट केला. आत स्टिअरिंगचं चाकच नाही. मधोमध एक दांडा, वळायचं त्यानंच, वेग द्यायचा त्यानंच, ब्रेकही त्यानंच. व्हिडिओ गेमची जॉयस्टिक बऱ्याच जणांनी बघितलीही नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

या गाड्या चालवायला सोयीच्या होत्या का? अजिबात नाही. उन्हात त्या घुमटाखाली बसलात तर उकडून निघाल. पण त्या चालवायच्या नव्हत्याच. गावोगावच्या प्रदर्शनात न्यायच्या, लोकांनी आ वासून बघायच्या. आणि इथं खोक्यातल्या प्लॅस्टिकचा प्रवेश होतो.

अमेरिकेत तेव्हा किटचा धंदा जोरात होता. त्याची सुरुवात गंमतशीर आहे. डेट्रॉइटकडच्या गाड्यांच्या कंपन्या नवीन मॉडेल आलं की शोरूममध्ये वाटायला छोट्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बनवून घ्यायच्या. त्या बनवणाऱ्या एएमटी कंपनीनं १९५८ मध्ये डोकं चालवलं. तीच गाडी सुट्या भागांत खोक्यात भरली आणि सोबत जास्तीचे भाग टाकले. एका खोक्यातून तीन प्रकारची गाडी करा, कंपनीची आहे तशी, कस्टम केलेली किंवा शर्यतीची. थ्री इन वन किट.

मापाचं सांगायचं तर यातली बहुतेक किट १:२५ या प्रमाणात असायची. म्हणजे खरी गाडी पाच मीटर लांब असेल तर किटची २० सेंटिमीटर. खोकं उघडलं की प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले भाग दिसतात. स्टीलच्या साच्यात पॉलिस्टायरीन वितळवून दाबानं सोडलं की ते ज्या वाटांनी भागांपर्यंत पोचतं, त्या वाटाच म्हणजे ही चौकट. भाग कापून काढायचे, कडा घासायच्या, सिमेंटनं जोडायचे. हे सिमेंट आपल्या फेविकॉलसारखं नुसतं चिकटवत नाही. ते दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक जरासं विरघळवतं आणि सुकल्यावर दोन भागांचा एकच होतो. म्हणून चुकीला माफी नाही. बोटाला लागलेलं सिमेंट गाडीच्या छताला लागलं तर तुमच्या बोटाचा ठसा त्या छतावर कायमचा.

कस्टम करणाऱ्या पोरांची खरी मजा याच्या पुढं सुरू व्हायची. बारीक करवतीनं छताचे खांब कापायचे, छत खाली आणायचं, फट पुट्टीनं भरायची, पाण्याच्या कागदानं घासायची. एका खोक्यातलं इंजिन दुसऱ्या खोक्यातल्या गाडीत बसवायचं. कँडी रंग मारायचा, म्हणजे खाली चांदी किंवा सोनेरी थर आणि वर पारदर्शक रंगाचे अनेक हात, की गाडी चघळायच्या गोळीसारखी चकाकते. खऱ्या गॅरेजमध्ये मोठी माणसं जे करत होती, ते सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

रॉथच्या गाड्या या पोरांसाठीच जन्माला आल्यासारख्या होत्या. कारण तो स्वतःही मोठ्या आकाराचं किटच जोडत होता. इंजिन एकाचं, चेसिस दुसऱ्याची, अंग स्वतःचं. कॅलिफोर्नियातल्याच रेव्हेल कंपनीनं हे बरोबर ओळखलं. विमानं आणि जहाजांच्या किटमध्ये रेव्हेलचं नाव मोठं होतं. त्यांनी रॉथशी करार केला आणि १९६२ पासून आउटलॉचं किट दुकानांत आलं. पाठोपाठ बीटनिक बँडिट, मग मिस्टेरियन, रोड एजंट. बिग डॅडी हे नावही रेव्हेलच्या प्रसिद्धी खात्याचंच. खोक्यावर छापायला नुसतं एड रॉथ फारच मिळमिळीत वाटत होतं म्हणे.

करार काय होता? विकल्या जाणाऱ्या प्रत्येक किटमागं रॉथला एक सेंट. फक्त एक. किट दीड-दोन डॉलरला विकलं जायचं, म्हणजे गिऱ्हाईक देत असलेल्या शंभरातला पूर्ण एकसुद्धा त्याच्या वाट्याला नाही. आजच्या एखाद्या क्रिएटरनं असा करार दाखवला तर कमेंटमध्ये लोक त्याला वेड्यात काढतील.

पण आकडा बघा. एकट्या १९६३ मध्ये त्याला या एका सेंटचे ३२ हजार डॉलर मिळाले असं सांगितलं जातं. भागाकार केला तर ३२ लाख किट होतात. तेव्हा सामान्य अमेरिकन कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सहा हजार डॉलरच्या आसपास होतं. पाच पोरांच्या बापाला, रात्री जागून रेघा ओढणाऱ्याला, ही रक्कम काय वाटली असेल याचा अंदाज करा. माझ्या मते या करारात रॉथ फसला असं सरसकट म्हणता येत नाही. साचे कापायचा खर्च प्रचंड असतो, तो रेव्हेलचा. दुकानांचं जाळं रेव्हेलचं. वर प्रत्येक खोकं म्हणजे रॉथच्या शर्टांची फुकटची जाहिरात. पण एक गोष्ट मात्र खरी. त्याच्या घरची चूल आता अशा कंपनीच्या मर्जीवर होती, जिचं खरं गिऱ्हाईक पोरं नव्हती, पोरांना पैसे देणारे आईबाप होते.

तो काळ मात्र सुसाट होता. १९६३ मध्ये रॅट फिंक हा रॉथचा हिरवा उंदीर मासिकातल्या जाहिरातींमधून सगळीकडं पोचला. लाल डांगरी, सुजलेले डोळे, अंगाभोवती माश्या. डिस्नेच्या गोंडस मिकी माऊसचा जणू बिघडलेला चुलतभाऊ. रेव्हेलनं त्याचंही किट काढलं, मग बाकीच्या राक्षसांची काढली. त्याच वर्षी टॉम वुल्फ या पत्रकारानं एस्क्वायर मासिकात कस्टम गाड्यांच्या या दुनियेवर लांबलचक लेख लिहिला. बॅरिस आणि रॉथ यांच्याकडं कलाकार म्हणून बघा, असं सुशिक्षित अमेरिकेला ठणकावून सांगणारा तो लेख होता. रॉथच्या दुकानात काम करणारेही साधे नव्हते. तिथं चित्रं काढणारा रॉबर्ट विल्यम्स पुढं मोठा चित्रकार झाला आणि जक्स्टापोज हे कलेचं मासिक सुरू करणाऱ्यांतला एक ठरला.

आणि मग रॉथ हात जरा जास्तच सोडायला लागला. १९६३ च्या मिस्टेरियनमध्ये त्यानं फोर्डची दोन अवाढव्य इंजिनं शेजारी शेजारी बसवली. दिसायला कहर. पण वजन इतकं की प्रदर्शनांसाठी गावोगाव नेता-आणताना चेसिसलाच तडे गेले. शेवटी गाडी मोडून सुटे भाग झाले. मूळ मिस्टेरियन आज अस्तित्वात नाही. ज्या पोरानं १९६४ मध्ये तिचं किट नीट जोडून कपाटावर ठेवलं, त्याच्याकडं ती आहे आणि बनवणाऱ्याकडं उरली नाही, असा हा उलटा प्रकार. नंतर चाहत्यांनी तिच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती बांधल्या ती गोष्ट वेगळी.

१९६४ मध्ये ऑर्बिट्रॉन आली. रेखाटन एड न्यूटनचं, हाही रॉथकडं काम करणारा कलाकार. एकाच बाजूला तीन दिवे, लाल, हिरवा आणि निळा. तिन्हीचे झोत एकत्र आले की पांढरा उजेड पडावा ही कल्पना. शाळेत प्रकाशाच्या धड्यात असतं तेच. पण गाडी पडली. रॉथ स्वतः दोष द्यायचा तो एका गोष्टीला, क्रोमनं मढवलेलं इतकं देखणं इंजिन आपण झाकणाखाली लपवलं. दुसरा दोष तो बीटल्सना द्यायचा, आणि यात नुसती थट्टा नव्हती. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले आणि काल गाड्यांचे रंग घोटणारी पोरं गिटार घ्यायला पळाली. त्याच वर्षी पॉन्टिॲकची जीटीओ आली. वेगवान गाडी आता थेट शोरूममध्ये हप्त्यावर मिळायला लागली, मग गॅरेजमध्ये खपायचं कशाला? पुढं व्हिएतनामसाठी सक्तीची भरती वाढली, आणि गाड्यांत रमणारं वय नेमकं तेच होतं.

रॉथनं वाट बदलली आणि मोटारसायकलींकडं वळला. बायकर टोळ्यांची पोरं दुकानात बसायला लागली, हेल्स एंजल्सची पोस्टर छापून तो विकायला लागला, १९६७ मध्ये चॉपर नावाच्या लांब काट्याच्या मोटारसायकलींचं मासिकही काढलं. त्याला या लोकांत तेच दिसत होतं जे दहा वर्षांपूर्वी हॉट रॉडच्या पोरांत दिसलं होतं. पण वर्तमानपत्रांत या टोळ्यांची नावं मारामाऱ्या आणि गुन्ह्यांच्या बातम्यांत येत होती. पोरांच्या वाढदिवसाला खेळणी विकणाऱ्या रेव्हेलला हे झेपणारं नव्हतं. कंपनीनं संबंध तोडले. एक सेंट बंद झाला.

रेव्हेलची बाजू समजते. पण शर्टवर राक्षस काढणारा, आईबापांना नकोसा वाटणारा माणूस याच कंपनीनं बिग डॅडी म्हणून विकला होता, हेही तितकंच खरं. राक्षस प्लॅस्टिकचा होता तोवर चाललं.

१९७० मध्ये रॉथनं दुकान बंद केलं. उरलेल्या १५ गाड्या एका खासगी संग्रहालयाच्या मालकाला विकल्या, सगळ्या मिळून साडेपाच हजार डॉलरला. सात वर्षांपूर्वी एका वर्षात त्याच गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या रूपांनी जे मिळवून दिलं होतं, त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाला.

नंतरची वर्षं शांत गेली. नॉट्स बेरी फार्म नावाच्या करमणूक पार्कात त्यानं जवळपास दहा वर्षं पाट्या रंगवायची नोकरी केली. म्हणजे परत ब्रश आणि परत रेघा. १९७४ मध्ये त्यानं मॉर्मन पंथ स्वीकारला. पुढं तो युटा राज्यातल्या मँटाय या छोट्या गावात राहायला गेला. गाड्या बनवणं पूर्ण सुटलं नाही, फोक्सवॅगनची इंजिनं लावून तीनचाकी बनवायचा. दरम्यान साठच्या दशकातली पोरं चाळिशीत आली, खिशात पैसा आला, आणि लहानपणी मोडून टाकलेली किट त्यांना परत हवी झाली. रेव्हेलनं जुने साचे बाहेर काढले. ज्या कंपनीनं दार बंद केलं होतं, तिच्याच खोक्यांवर बिग डॅडी परत दिसायला लागला.

४ एप्रिल २००१ रोजी मँटायमध्ये एड रॉथ वारला. वय ६९.

बीटनिक बँडिट आज नेवाडा राज्यातल्या रिनो शहरात राष्ट्रीय ऑटोमोबाईल संग्रहालयात आहे. ऑर्बिट्रॉनची मात्र रॉथच्या हयातीत कुणालाच खबर लागली नाही. २००७ मध्ये ती सापडली मेक्सिकोत, सियुदाद हुआरेझ शहरात, प्रौढांसाठीच्या पुस्तकांच्या एका दुकानासमोर. ऊनपाऊस खात, खिळखिळी होऊन उभी होती. तिला अमेरिकेत परत आणून पुन्हा मूळ रूप देण्यात आलं, लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांसकट.